किल्डोननची दरी मुळातच ओसाड होती का?

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हरनेसहून थर्सोला जाणारी रेल्वे हेल्म्सडेल हे बंदर मागे पडलं की समुद्र सोडून आत वळते आणि किन्ब्रेसपर्यंत नदीच्या काठाने धावते. दरी रुंद आहे, हिरवी आहे, पण घरं अगदी तुरळक. ही दरी पहिल्यापासून अशीच निर्मनुष्य होती का? आणि जमीनदारांनी कुळांना हुसकावून लावलं, ज्याला तिकडे 'क्लिअरन्सेस' म्हणतात, त्यात माणसं गेली असतील तर खानेसुमारीत किल्डोनन पॅरिशची लोकसंख्या १८५१ मध्ये १८११ पेक्षा जास्त कशी दिसते?

दरी ओसाड नव्हती, ती ओसाड केली गेली. आणि १८५१ चा आकडा खरा असला तरी तो त्या दरीचा नाही. मी गेली बरीच वर्षं जुन्या नकाशांवरून आणि महसुली कागदांवरून भूप्रदेश वाचायला शिकवतो. शिकवताना किल्डोननचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण पॅरिशच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला तर काय होतं ते इथे लख्ख दिसतं.

आधी जमीन पाहू. किल्डोनन ही सदरलंड परगण्यातली, स्कॉटलंडच्या पार ईशान्येकडची पॅरिश. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या पाळकाचा मुलूख. पुढे गरिबांची मदत, शाळा, जन्ममृत्यूची नोंद आणि खानेसुमारी ही सगळी कामं याच तुकड्यावर बेतली गेली. हेल्म्सडेल नदी, जिचं गेलिक नाव इली, बॅडनलॉखच्या आसपासच्या तळ्यांतून निघते आणि आग्नेयेला वाहत हेल्म्सडेलजवळ उत्तर समुद्राला मिळते. किन्ब्रेसच्या वर सगळा पीटचा प्रदेश, म्हणजे शेवाळ कुजून शतकानुशतकं साचलेला काळा, पाणथळ थर. खाली उतरत गेलं की नदीच्या दोन्ही अंगांना वाळू-गोट्यांचे सपाट टप्पे लागतात. हिमनद्या वितळल्या तेव्हाच्या पाण्याने आणून टाकलेले हे टप्पे म्हणजे या दरीचं खरं भांडवल. त्यांच्यात पाण्याचा निचरा होतो. पूर सहसा तिथवर चढत नाही आणि माती नांगराला दबते. माणूस इथे राहिला तो याच टप्प्यांवर, आणि हजारो वर्षं राहिला.

याची साक्ष जमिनीवर आहे. लिअरेबल टेकडीवर दगडांच्या उभ्या ओळी आहेत, किल्फेडरला लोहयुगातल्या गोल घरांची जोती आहेत. त्याच किल्फेडरला आणि वर सिसगिलला ब्रॉख, म्हणजे चुना-माती न वापरता रचलेल्या दगडांचे गोल बुरूज, होते. त्यांचे ढिगारे अजून ओळखू येतात. बेन ग्रीम बेग या डोंगराच्या माथ्यावर तटबंदीही आहे. इसवी सन ६१७ मध्ये एग बेटावर मारला गेलेला संत डोनन याच्या नावाने इथलं चर्च उभं राहिलं आणि पॅरिशला नाव मिळालं. हे सगळं मी भरभर सांगतोय, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. एवढंच धरून ठेवा की अठराव्या शतकातली गावं ज्या टप्प्यांवर होती, जवळपास त्याच टप्प्यांवर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची घरंही होती.

आता अठराव्या शतकातलं गाव. इथे रस्त्याच्या दुतर्फा घरं असलेलं गाव डोळ्यांपुढे आणू नका. पाच-दहा लांबट घरांचा झुबका, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. भिंती दगडांच्या आणि गवताळ मातीच्या ढेकळांच्या, छपराला पीटमधून खणून काढलेलं जुनं पाइनचं लाकूड. या उघड्याबोडक्या मुलखात लाकूड मिळणं किती अवघड होतं हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो. घरांभोवती जव आणि ओटची शेतं असत आणि त्यांच्या पट्ट्या कुळांमध्ये फिरत्या वाट्याने विभागलेल्या असत. पावसाळी हवेत धान्य शेतात वाळत नसल्याने प्रत्येक वस्तीजवळ धान्य सुकवायची गोल भट्टी असे. शेताच्या वरच्या कडेने मातीचा मोठा बांध घातलेला असे. बांधाच्या आत पीक आणि बाहेर चराई. उन्हाळ्यात बायका-मुलं गुरं घेऊन आणखी वर, पीटच्या कडेला, हंगामी खोपट्यांत जात. त्या जागांना शीलिंग म्हणतात. लोणी-चीज तिथेच होई. शरद ऋतूत काळी ठेंगणी गुरं दक्षिणेकडच्या बाजारांना हाकत नेली जात आणि त्या पैशातून खंड भरला जाई.

खंड थेट जमीनदाराला जात नसे. मध्ये 'टॅक्समन' असे: जमीनदाराकडून मोठा पट्टा घ्यायचा आणि पोटकुळांना लावून द्यायचा. आपल्या कोकणातला खोत ज्याने पाहिला किंवा वाचला आहे त्याला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. संशोधकाच्या दृष्टीने यातली मेख अशी की जमीनदाराच्या खंडाच्या वहीत नाव टॅक्समनचं येतं, त्याच्या हाताखालच्या पंधरा-वीस कुटुंबांचं येत नाही. केवळ खंडाच्या याद्या वाचून 'इथे वस्ती विरळच होती' असा निष्कर्ष काढणारे लेख आहेत आणि ते याच कारणाने फसलेले आहेत.

नकाशाची साक्षही तपासून घ्यावी लागते. १७४७ ते १७५५ मध्ये विल्यम रॉय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या मुख्य भूमीचा लष्करी नकाशा केला. त्यात या दरीतल्या वस्त्या आणि त्यांच्याभोवतीची शेतं दिसतात. पण ही मोजणी घाईची होती. नद्या आणि रस्ते साखळीने व होकायंत्राने मोजले, बाकीचं बरंचसं नजरेने काढलं. म्हणून रॉयच्या नकाशात वस्ती दिसली तर ती होती असं धरायला हरकत नाही. दिसली नाही तर ती नव्हती, असं मात्र म्हणता येत नाही.

इथे शेजारच्या मुलखाकडे वळायला हवं. किल्डोननच्या ईशान्येला ऑर्ड नावाचा कडा थेट समुद्रात उतरतो आणि पलीकडे केथनेस परगणा सुरू होतो. तिथली लँगवेलची जमीन सर जॉन सिंक्लेअर यांची होती. त्यांनी स्कॉटलंडच्या ९३८ पॅरिशांच्या पाळकांना १६० हून अधिक प्रश्नांची यादी पाठवली आणि आलेल्या उत्तरांचे २१ खंड १७९१ ते १७९९ मध्ये छापले. 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द इंग्रजीत रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा. किल्डोननचं वर्णन तिथले पाळक अलेक्झांडर सेज यांच्याकडून आलं. त्याच सिंक्लेअर यांनी त्याच सुमाराला लँगवेलच्या डोंगरांवर चेव्हियट जातीच्या मेंढ्या आणल्या. ही मेंढी उत्तरेच्या थंडीत टिकते, लोकर चांगली देते, आणि तिचा मोठा कळप दोन-चार धनगर सांभाळू शकतात. मात्र हिवाळ्यात तिला खालची, निवाऱ्याची, हिरवी जमीन लागते, म्हणजे नेमकी ती टप्प्यांची जमीन जिच्यावर माणसं राहत होती. मला हा या सगळ्या गोष्टीचा कणा वाटतो. डोंगर मेंढ्यांना आणि दरी माणसांना अशी वाटणी होऊच शकत नव्हती, कारण दोघांना हवा होता तो एकच पट्टा. लँगवेल, औसडेल, बेरीडेल इथून निघालेली कुटुंबं बॅडबे नावाच्या कड्यावर जाऊन राहिली. वाऱ्याने समुद्रात जाऊ नयेत म्हणून तिथे गुरं आणि लहान मुलं दोरीने बांधून ठेवत अशी आठवण सांगितली जाते. त्यांच्या घरांची जोती आजही पाहता येतात.

सदरलंडची बहुतेक जमीन काउंटेस एलिझाबेथ हिची होती. तिचा नवरा पुढे मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड झाला. इंग्लंडमधल्या कालव्यांच्या आणि जमिनींच्या उत्पन्नामुळे तो देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक. या जोडप्याच्या कारभाऱ्यांनी आखलेली योजना अशी: आतल्या दऱ्या मोठ्या मेंढपाळ शेतकऱ्यांना पट्ट्याने द्यायच्या आणि तिथली माणसं किनाऱ्यावर आणून मासेमारीला लावायची.

किल्डोननमध्ये याला विरोध झाला. जानेवारी १८१३ मध्ये जमीन पाहायला आलेल्या माणसांना लोकांनी दरीतून पिटाळून लावलं. फोर्ट जॉर्जहून सैन्य मागवावं लागलं. लोकांनी आपला अर्ज घेऊन विल्यम मॅक्डोनल्ड या माजी सैनिकाला लंडनला पाठवलं. अर्जाचा उपयोग झाला नाही, पण लंडनमध्ये त्याची गाठ लॉर्ड सेल्कर्क यांच्याशी पडली. त्यांना कॅनडात रेड नदीच्या काठी वसाहत उभी करायची होती. जाण्यासाठी सातशेच्या आसपास लोकांनी नावं दिली, निवड झाली जेमतेम शंभरांची. जून १८१३ मध्ये ते ऑर्कनी बेटांतल्या स्ट्रॉमनेसहून जहाजावर चढले. वाटेत टायफसने माणसं दगावली, आणि ठरलेल्या ठिकाणाऐवजी जहाजाने त्यांना हडसन उपसागरावर चर्चिलला उतरवलं. हिवाळा त्यांनी तिथेच कसाबसा काढला. १८१४ च्या एप्रिलमध्ये त्यातले पन्नासेक जण बर्फावरून चालत यॉर्क फॅक्टरी या व्यापारी ठाण्याला पोचले आणि उन्हाळ्यात रेड नदीला लागले. १८१७ मध्ये सेल्कर्क यांनी त्या वसाहतीतल्या पॅरिशला किल्डोनन हेच नाव दिलं. आज विनिपेग शहराच्या उपनगरांत ते नाव आहे. कॅनडाचे १९५७ ते १९६३ या काळातले पंतप्रधान जॉन डिफेनबेकर हे आईकडून याच स्थलांतरितांतल्या एका बॅनरमन कुटुंबाचे वंशज.

दुसरा, मोठा घाव १८१९ चा. त्या वर्षी किल्डोनन आणि पलीकडची स्ट्रॅथनेव्हर दरी मिळून शेकडो कुटुंबं काढली गेली. छपरं पेटवली गेली, म्हणजे ते दुर्मीळ लाकूडच नाहीसं केलं. लोक परत येऊन घर उभारू शकणार नाहीत, ही त्यामागची सोय. पाळक सेज यांचा मुलगा डोनल्ड, जो स्वतः धर्मोपदेशक होता, त्याने या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आणि त्या १८८९ मध्ये छापल्या गेल्या. इथे एक गल्लत टाळा. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये इन्व्हरनेसला जो खटला चालला आणि ज्यात तो सुटला, तो स्ट्रॅथनेव्हरमधल्या १८१४ च्या घटनांबद्दलचा होता, म्हणजे फार पॅरिशचा. किल्डोननच्या नावावर तो अनेकदा चुकून टाकला जातो.

खानेसुमारीतली किल्डोननची लोकसंख्या १८११ मध्ये १,५७४, १८२१ मध्ये ५६५ आणि १८३१ मध्ये २५७ अशी उतरते. मग १८५१ ला तीच पॅरिश एकदम दोन हजारांच्या वर जाते. याचं कारण दरीत कोणी परतलं हे नव्हे. नदीच्या मुखाजवळचा पट्टा जुन्या काळी शेजारच्या लोथ पॅरिशमध्ये मोडत होता. जमीनदाराने १८१४ पासून वसवलेलं हेल्म्सडेल गाव त्याच पट्ट्यात वाढलं. १८३१ च्या खानेसुमारीनंतर हा भाग किल्डोननला जोडला गेला. शीव सरकली आणि किनाऱ्यावरच्या माणसांची मोजणी दरीच्या नावाखाली झाली. त्यात दरीतून काढलेल्या कुटुंबांची मुलंबाळंही होती, त्यामुळे हा आकडा अर्थशून्य नाही. मात्र त्यावरून 'लोकसंख्या तर वाढलीच' असा युक्तिवाद करणं चूक आहे, आणि तो अजूनही केला जातो याचा मला मनापासून राग येतो. पॅरिशच्या आकड्यांची मालिका हाती घेतली की पहिल्यांदा शिवेचा इतिहास काढायचा, हा माझ्या विद्यार्थ्यांसाठी पहिला धडा आहे.

हेल्म्सडेल स्वतः वाचण्यासारखं आहे. टेलफर्ड या अभियंत्याच्या आराखड्याचा पूल १८११ च्या सुमारास झाला, मग बंदर, हेरिंग मासे खारवायचे वाडे आणि काटकोनात आखलेल्या गल्ल्या. गल्ल्यांची नावं पाहा: सदरलंड, डनरॉबिन, स्ट्रॅथनेव्हर, आणि त्यांच्या जोडीला स्टॅफर्ड, ट्रेंटम, लिलेशॉल. जमीनदार कुटुंबाच्या दोन्ही देशांतल्या मालमत्तेची यादीच त्या गावावर कोरलेली आहे. गावाबाहेर मॅरेल, गार्टीमोर, पोर्टगॉवर इथल्या उतारांवर विस्थापित कुटुंबांना दोन-तीन एकरांचे खडकाळ तुकडे मिळाले. हे तुकडे लहान ठेवले ते ठरवून. एवढ्या जमिनीवर पोट भरणार नाही, म्हणजे माणूस समुद्रावर जाईल किंवा मजुरीला, असा हिशोब होता. ज्यांनी आयुष्यभर गुरं राखली त्यांना होडी चालवायला शिकावं लागलं. रेल्वेतून दिसणाऱ्या त्या उतरत्या, अरुंद पट्ट्या म्हणजे ओस पडलेल्या दरीचाच दुसरा भाग आहे. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

पुढचं थोडक्यात. १८६८-६९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतलेल्या रॉबर्ट गिलख्रिस्टला किल्डोनन ओढ्यात सोन्याचे कण सापडले आणि काही महिन्यांत काहीशे लोक तंबू ठोकून बसले. महिन्याला एक पौंड परवाना आणि वर दहावा हिस्सा राजसत्तेचा. मेंढपाळ आणि शिकारीचे पट्टेदार यांची कुरकुर वाढली तशी १८६९ च्या अखेरीला जमीनदाराने, म्हणजे सदरलंडच्या ड्यूकने, परवाने बंद केले. १८७४ ला रेल्वे आली. तिने समुद्रकाठ सोडला तो ऑर्डच्या कड्यामुळे, नाहीतर तुम्हाला ही दरी खिडकीतून दिसलीच नसती. लोकरीचे भाव पडल्यावर मेंढ्यांच्या जागी हरणांची शिकार आणि साल्मनची गळ टाकून मासेमारी आली. आजची दरी आहे ती या तिसऱ्या थराची.

प्रतिकाराचा धागा मात्र तुटला नाही. १८८० च्या दशकात गार्टीमोरच्या क्रॉफ्टर, म्हणजे असे लहान तुकडे कसणाऱ्या, शेतकऱ्यांनी जमिनीच्या हक्कासाठी संघटना बांधली. १८८३ मध्ये सरकारी आयोगाने हायलंड्समध्ये फिरून साक्षी घेतल्या. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे त्याआधी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये काही काळ हंगामी व्हाइसरॉयही. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरांना कुळहक्काची शाश्वती आणि वाजवी खंड मिळाला, पण काढून घेतलेली दरी परत मिळाली नाही. २०१६ मध्ये हेल्म्सडेलभोवतालची सुमारे ३,००० एकर जमीन सदरलंड इस्टेटकडून स्थानिकांच्या संस्थेने विकत घेतली. त्यात मॅरेल, गार्टीमोर, पोर्टगॉवर ही तीच गावं आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना या मुलखाशी एक दुवा जवळच सापडेल. १८८५ ते १८९० मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे हे मॅकाय कुळाचे प्रमुख. पुण्याच्या महात्मा फुले वस्तुसंग्रहालयाला आधी त्यांचंच नाव होतं. मॅकायांचा रे मुलूख किल्डोननच्या वायव्येला, स्ट्रॅथनेव्हरपलीकडे. त्यांच्या पूर्वीच्या एका लॉर्ड रे यांनी तो १८२९ मध्ये सदरलंड कुटुंबालाच विकला होता. आणि १७९९ मध्ये याच परगण्यातून उभी केलेली ९३ वी सदरलंड हायलंडर्स पलटण १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेत लढली.

आता तुम्हाला स्वतः खोलात जायचं असेल तर. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने नकाशे फुकट पाहता येतात. तिथे रॉयचा नकाशा आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याचा १८७० च्या दशकातला, मैलाला सहा इंचांचा पहिला नकाशा एकमेकांशेजारी उघडा. दुसऱ्या नकाशात छप्पर असलेली इमारत भरीव आणि छप्पर नसलेली नुसत्या रेषेची असते. दरीत अशा पोकळ चौकटी किती आहेत ते मोजा. त्यानंतर आजचं उपग्रहचित्र घ्या. शेकडो वर्षांच्या शेणखताने सुपीक झालेली जुनी वस्तीची जागा हेदरच्या तपकिरी झुडपांमध्ये अजूनही हिरव्या ठिपक्यासारखी दिसते, आणि तिच्या वरच्या अंगाला बांधाची रेघ. सिसगिलपासून किल्डोनन चर्चपर्यंतचा पट्टा आधी घ्या, तो सगळ्यात स्पष्ट आहे.

नावांच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. एकच वस्ती रॉयच्या नकाशात, खंडाच्या वहीत आणि सर्व्हेच्या नकाशात तीन तऱ्हांनी येते, कारण गेलिक बोलणाऱ्याचं नाव इंग्रजी लिहिणाऱ्याने कानाने टिपलेलं असतं. नावावरून जुळवण्यापेक्षा ओढ्यांच्या संगमांवरून जुळवा, संगम जागा सोडत नाहीत. आणि एखाद्या कुटुंबाचा माग काढायचा असेल तर किल्डोननच्या नोंदवहीवर थांबू नका. गन, बॅनरमन, मॅथेसन, पोल्सन, सदरलंड ही आडनावं १८१९ नंतर लोथमध्ये, केथनेसच्या किनाऱ्यावर लॅथरनमध्ये आणि कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या (रेड नदीची वसाहत तिथलीच) चर्चच्या वह्यांत सापडतात. त्यातही बायकांची नोंद माहेरच्या आडनावाने केलेली असते, त्यामुळे आईच्या आडनावावरून शोधलं तर हाताला जास्त लागतं.